पाळी न आलेली मुलगी: अँड्रोजेन असंवेदनशीलता कशी ओळखावी आणि कशी सांभाळावी

कापूस विकून घरात थोडा पैसा आला आणि लग्नसराई दोन-तीन महिन्यांवर दिसू लागली, की आमच्या भागातील ग्रामीण रुग्णालयांत एक ठराविक तक्रार घेऊन आया येऊ लागतात. मुलगी १६-१७ वर्षांची असते, अंगाने भरलेली आणि बहुधा उंच असते, आणि आई आवाज खाली आणून सांगते, “बाई, पोरगी अजून एकदाही बाहेर बसली नाही.” या तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी काही अगदी साधी असतात, तर काहींचा उलगडा व्हायला वेळ लागतो. हा लेख त्यांतील एका कारणापुरता, म्हणजे शरीराच्या पेशी पुरुषी संप्रेरकांना (हार्मोन्सना), अर्थात अँड्रोजेनना, दाद देत नाहीत अशा अँड्रोजेन असंवेदनशीलतेपुरता आहे. तो मुलीच्या आईवडिलांसाठी, गावातील आशाताई आणि परिचारिकांसाठी, तसेच तालुक्याला नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी लिहिला आहे. या अवस्थेत मुलीचे खरे नुकसान शरीरातील फरकापेक्षा उलट्या क्रमाने केलेल्या गोष्टींमुळे होते, असे माझे इतक्या वर्षांच्या कामानंतरचे मत आहे. आधी शस्त्रक्रिया होते, मग तपासणी, आणि सर्वांत शेवटी, कधी कधी तर कधीच नाही, मुलीला सांगणे.

शरीरात नेमके काय घडते

गर्भ पहिले सहा-सात आठवडे मुलीचा असो वा मुलाचा, जननेंद्रियांच्या दृष्टीने सारखाच असतो. वाय गुणसूत्रावरील एका जनुकामुळे त्याच्या ग्रंथींची वृषणे बनतात आणि ही वृषणे दोन कामे करू लागतात. एका संप्रेरकाने ती गर्भाशय आणि गर्भनलिका तयार होऊ देत नाहीत, आणि दुसऱ्याने, म्हणजे टेस्टोस्टेरॉनने, बाहेरची इंद्रिये मुलाच्या घडणीची करतात. मात्र टेस्टोस्टेरॉन नुसते रक्तात असून भागत नाही, कारण त्याचा संदेश ऐकण्यासाठी पेशीत एक ग्राही प्रथिन, म्हणजेच रिसेप्टर, असावे लागते. या प्रथिनाची कृती लिहिलेले एआर नावाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि त्यात बिघाड असेल तर संप्रेरक भरपूर असूनही पेशींना त्याचा पत्ता लागत नाही.

परिणाम असा होतो की गर्भाशय तयार झालेले नसते, कारण ते रोखणारे पहिले संप्रेरक आपले काम चोख करते. बाहेरची घडण मात्र संपूर्णपणे मुलीची होते, कारण दुसऱ्या संप्रेरकाचे कोणी ऐकतच नाही. वयात येताना तेच टेस्टोस्टेरॉन शरीरात इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकात रूपांतरित होते, म्हणून स्तनांची वाढ चांगली होते, परंतु काखेतील व जांघेतील केस अगदी विरळ राहतात किंवा येतच नाहीत. योनिमार्ग असतो, पण तो आखूड आणि आतून बंद असतो. गुणसूत्रे ४६ एक्सवाय, म्हणजे सहसा मुलांत आढळतात तशी, असतात. पाळी येत नाही, कारण ती येण्यासाठी लागणारी पिशवीच नसते. तिला दिलेला मुलगी हा ओळखीचा शिक्का या तपासणीने खोटा ठरत नाही. पूर्ण स्वरूपाच्या असंवेदनशीलतेत, म्हणजे पेशी संप्रेरकाला अजिबात दाद देत नाहीत तेव्हा, जवळजवळ सर्व व्यक्ती स्वतःला मुलगी, बाई म्हणूनच ओळखतात आणि तशाच जगतात.

निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत या पूर्ण स्वरूपाचे प्रमाण सुमारे २०,००० ते ६४,००० एक्सवाय जन्मांमागे एक असे आढळले आहे, म्हणजे तालुक्यातील डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत अशा एक-दोनच मुली भेटतील. जॉन मॉरिस यांनी १९५३ साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन करताना तिला ‘टेस्टिक्युलर फेमिनायझेशन’ असे जे नाव दिले, त्यात मुलीच्या अंगातील वृषणांचाच उल्लेख पुढे होता. ते नाव आता वापरत नाहीत. जुन्या केसपेपरवर ते दिसले तर मुलीसमोर मोठ्याने वाचू नये, एवढे मात्र सांगून ठेवतो.

आनुवंशिकता समजावताना सिकलसेलची मदत घ्यावी

विदर्भात ‘वाहक’ हा शब्द गावागावांत पोहोचलेला आहे, कारण सिकलसेलची तपासणी येथे वर्षानुवर्षे चालू आहे. त्यामुळे समजावताना तेथूनच सुरुवात करावी आणि फरक लगेच सांगावा. सिकलसेलचा आजार होण्यासाठी आई व वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक यावे लागते, तर अँड्रोजेन असंवेदनशीलतेत ते एक्स गुणसूत्रावरून, म्हणजे आईकडून येते. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक एक्सवाय अपत्यात ही अवस्था उतरण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक एक्सएक्स मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक-तृतीयांश वेळा मात्र आई वाहक नसतेच आणि हा बदल त्या मुलीतच नव्याने झालेला असतो. हे वाक्य सासूच्या समोर मुद्दाम उच्चारावे, कारण “तुझ्याच घराण्यातून आलं” हा ठपका ठेवायला आमच्याकडे फार वेळ लागत नाही.

म्हणूनच घराण्याची माहिती घेताना आईकडच्या बाजूने विचारावे. पाळी न आलेली एखादी मावशी, मूल न झालेली आईची मावशी, लहानपणी जांघेत गाठ होती म्हणून ऑपरेशन झालेली मामेबहीण किंवा मावसबहीण, असे काही निघाले तर तपासणीला दिशा मिळते. आईवडिलांचे लग्न नात्यातील, म्हणजे आते-मामे भावंडांतील आहे का, हेही विचारावे. त्याचा अँड्रोजेन असंवेदनशीलतेशी संबंध नाही, परंतु तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या काही अवस्था, ज्यांत टेस्टोस्टेरॉन तयार करणारे किंवा त्याचे अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारे एन्झाइम कमी असते, त्या नात्यातील लग्नांत अधिक आढळतात. त्या अवस्थांत वयात येताना आवाज फुटणे, बाहेरच्या इंद्रियांची वाढ होणे असे बदल दिसू लागतात, त्यामुळे निर्णयही वेगळे घ्यावे लागतात.

संशय कधी घ्यावा

पहिली वेळ फार लवकर येते आणि तीच बहुधा हातची निसटते. लहान मुलीला एका किंवा दोन्ही बाजूंना अंतर्गळ, म्हणजे जांघेतील हर्निया, झाला, तर त्या पिशवीत वृषण असू शकते. अशा मुलींपैकी सुमारे एक ते दोन टक्क्यांत ही अवस्था निघते. म्हणून मुलीच्या अंतर्गळाचे ऑपरेशन करणाऱ्या शल्यचिकित्सकाने आतील ग्रंथी नीट पाहावी. ती अंडाशयासारखी न दिसल्यास ती कापून टाकू नये. अंतर्गळ दुरुस्त करावा, ग्रंथी परत आत ठेवावी, गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त पाठवावे आणि पाहिले ते केसपेपरवर स्पष्ट लिहावे. माझ्याकडे एक तरुणी आली होती, जिच्या दोन्ही जांघांवर जुने व्रण होते, वयात येण्याची एकही खूण नव्हती, आणि घरच्यांना एवढेच ठाऊक होते की तीन वर्षांची असताना “गाठी काढल्या”. कागद कोणाकडेच नव्हता. तिच्या ग्रंथी राहिल्या असत्या तर तिचे शरीर आपसूक वयात आले असते. ते मग औषधांनी घडवून आणावे लागले, तेही सहा-सात वर्षे उशिरा.

दुसरी वेळ किशोरवयाची. १३ वर्षांपर्यंत स्तनांची वाढ सुरूच झाली नसेल, १५ वर्षांपर्यंत पाळी आली नसेल, किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षे उलटूनही पाळी आली नसेल, तर “येईल उशिरा, तिच्या मायलेबी उशिराच आली होती” असे म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात तेव्हा १८ वर्षांपर्यंतच्या मुलींना या गोष्टी विचारता येतात. आशाताईंच्या कानावर तर त्या आधीच आलेल्या असतात, कारण सॅनिटरी पॅडचे पाकीट कोणत्या घरात नको म्हणतात ते त्यांना माहीत असते.

तपासणीचा क्रम

सुरुवात बोलण्याने करावी. दर महिन्याला पोटात कळ येते का, हे विचारावे, कारण कळ येऊनही रक्त बाहेर येत नसेल तर मार्ग बंद असण्याची शक्यता असते आणि ती गोष्ट वेगळी, बहुधा सहज दुरुस्त होणारी असते. बाहेरची तपासणी मुलीच्या संमतीने, आई किंवा परिचारिका जवळ असताना करावी. आतील तपासणीचा आग्रह धरू नये. या टप्प्यावर तिची गरज नसते आणि भ्यालेली मुलगी पुन्हा रुग्णालयात येत नाही.

यानंतर पोटावरून सोनोग्राफी करावी, लघवीची पिशवी भरलेली असताना. येथे एक सावधगिरी हवी. गर्भाशय दिसले नाही तर काही ठिकाणी सवयीने “लहान गर्भाशय” असा अहवाल दिला जातो आणि मग मुलीला पुढील दोन-तीन वर्षे पिशवी वाढण्याच्या आणि पाळी आणण्याच्या गोळ्या दिल्या जातात. ज्या शरीरात गर्भाशयच नाही, तेथे पाळी आणण्याची गोळी काय करणार? गोळ्यांचा एक कोर्स घेऊनही पाळी आली नाही, तर दुसरा कोर्स लिहू नये, पुढची तपासणी करावी. सोनोग्राफीत शंका राहिल्यास एमआरआय उपयोगी पडतो.

रक्तात एफएसएच व एलएच (ग्रंथींना चालना देणारी संप्रेरके), इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) आणि टेस्टोस्टेरॉन पाहावे. पूर्ण असंवेदनशीलतेत टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मर्यादेत किंवा त्याहून अधिक, आणि एलएच बहुधा वाढलेले निघते. गर्भाशय नसलेल्या मुलींमध्ये दुसरी एक अवस्था, एमआरकेएच, अधिक आढळते. तिच्यात गुणसूत्रे ४६ एक्सएक्स, अंडाशये शाबूत, टेस्टोस्टेरॉन स्त्रियांच्या मर्यादेत आणि जांघेतील केस नेहमीसारखे असतात. केसांची साधी पाहणी आणि एक टेस्टोस्टेरॉनची चाचणी एवढ्याने बहुतेक वेळा या दोन वाटा वेगळ्या होतात.

मग गुणसूत्रांची, म्हणजे कॅरियोटाइपची तपासणी. हिच्यासाठी रक्तातील पेशी जिवंत हव्या असतात, म्हणून रक्त हेपारिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात, ते गोठू देत नाहीत आणि शक्यतो एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवतात. धारणी किंवा एटापल्लीसारख्या लांबच्या तालुक्याहून मे महिन्याच्या उन्हात बसच्या टपावर ठेवलेल्या डब्यातून ते जिवंत पोहोचेल याची खात्री नाही. त्यापेक्षा मुलीनेच नागपूर, सेवाग्राम, सावंगी किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन तेथे रक्त दिलेले बरे, मात्र तपासणी तेथे कोणत्या दिवशी होते हे फोनवर विचारून निघावे. अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा १९९४ चा कायदा पोटातील गर्भाविषयी आहे, जन्मलेल्या मुलीच्या या तपासणीला तो आडवा येत नाही. ही शंका मला पालकांनी अनेकदा विचारली आहे.

अहवाल ४६ एक्सवाय आला म्हणजे निदान झाले, असे मात्र नाही. स्वायर सिंड्रोम नावाच्या अवस्थेतही गुणसूत्रे एक्सवाय असतात, पण तेथे गर्भाशय असते, स्तनांची वाढ होत नाही आणि अविकसित ग्रंथींत गाठ होण्याचा धोका इतका असतो की त्या लवकर काढाव्या लागतात. दोन्ही अवस्थांत एक्सवाय, आणि ग्रंथींबाबतचा सल्ला अगदी उलट. म्हणून शेवटची खात्री एआर जनुकाच्या चाचणीने करून घ्यावी.

मुलीला सांगणे

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. आईवडील डॉक्टरांना विनवतात, “तिले काही सांगू नका.” त्यांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु लपवलेली गोष्ट मुलीला एक दिवस केसपेपरवरून, मोबाइलवरून किंवा भांडणात कळते, आणि तेव्हा तिला आपल्या शरीरापेक्षा आपल्या माणसांची अधिक भीती वाटू लागते. निदान लहानपणीच झाले असेल तर वयानुसार टप्प्याटप्प्याने सांगावे. आठ-दहा वर्षांच्या मुलीला, तुझ्या पोटात गर्भाशय तयार झालेले नाही म्हणून तुला पाळी येणार नाही आणि मूल दत्तक घेता येईल, एवढे पुरे. ग्रंथी, संप्रेरके आणि गुणसूत्रे पुढच्या काही वर्षांत यावीत. निदान १७ व्या वर्षी झाले असेल तर एकाच भेटीत सर्व ओतू नये, पण दोन-तीन भेटींत सर्व सांगून व्हावे आणि मधल्या काळात तिला प्रश्न विचारता यावेत.

शब्द जपून निवडावेत. “तू मुळात मुलगा आहेस” हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे आणि ते कोणीही, गमतीतसुद्धा, उच्चारू नये. बाह्यरुग्ण विभागात वीस माणसे रांगेत असताना, शिकाऊ डॉक्टरांना गोळा करून, मुलीला पडद्याआड उभे करून दाखवणे हा तर अपराधच. मी तो माझ्या तरुणपणी घडताना पाहिला आहे आणि तेव्हा गप्प राहिलो याची खंत अजून आहे. गाव लहान असते. आशाताईंनी आपल्या नोंदवहीत निदान लिहू नये, “पुढील तपासणीसाठी पाठवले” एवढे लिहावे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची भेट पहिल्यापासून ठेवावी, आणि ती मुलीसाठी जितकी, तितकीच आईसाठीही.

ग्रंथी, औषध आणि हाडे

पूर्ण असंवेदनशीलतेत ग्रंथी घाईने काढण्याचे कारण नाही. त्यांत कर्करोग होण्याचा धोका वयात येण्यापूर्वी फार कमी असतो आणि प्रौढ वयात तो वाढत जातो. म्हणून मुलगी स्वाभाविकपणे वयात येईपर्यंत थांबण्याचा सल्ला आज दिला जातो. शिकागो येथील बैठकीतून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय एकमतानंतर मुलीला आणि कुटुंबाला निर्णयात सामील करून घेण्यावर भर आला. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, जीवावर बेतलेले नसेल तर, लहान बाळांवर अशा ‘दुरुस्तीच्या’ शस्त्रक्रिया करू नयेत अशी भूमिका घेतली आणि त्यानंतर तामिळनाडू सरकारने तसा आदेशही काढला. प्रौढ झाल्यावर ग्रंथी काढाव्यात की ठेवाव्यात हे त्या बाईने ठरवावे. ठेवल्यास नियमित सोनोग्राफी किंवा एमआरआय करून लक्ष ठेवावे लागते, आणि ही पाळत कशी ठेवावी याची एकच सर्वमान्य पद्धत अजून नाही, हेही तिला सांगावे. काढल्यास इस्ट्रोजेनचे औषध साधारण पन्नाशीपर्यंत रोज घ्यावे लागते. गर्भाशय नसल्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉनची गरज नसते.

हे औषध मध्येच बंद पडणे हीच खेड्यातील खरी अडचण आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, शेतीच्या हंगामात कोणाला वेळ नसतो, आणि “पाळी येत नाही तर गोळी कशाला” असे घरात कोणीतरी म्हणतेच. गोळी पाळीसाठी नसून हाडांसाठी, हृदयासाठी आणि अंगातील ताकदीसाठी आहे, हे वारंवार सांगावे, आणि जूनपूर्वी दोन-तीन महिन्यांचा साठा घरात ठेवावा. या मुलींची हाडे ग्रंथी असतानाही थोडी विरळ असू शकतात, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, अंगमेहनत आणि ठरावीक वर्षांनी हाडांची डेक्सा तपासणी हवी.

लग्नाचा प्रश्न

योनिमार्ग आखूड असला तरी बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही. डायलेटर नावाच्या क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या साधनांनी, प्रशिक्षित परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली, रोज थोडा वेळ असे काही महिने केल्यास बहुतेक स्त्रियांना पुरेशी लांबी मिळते. हे तिला स्वतःला हवे असेल तेव्हाच सुरू करावे, लग्न ठरले म्हणून सासरच्या तारखेला बांधून नव्हे. दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहत असताना रोजचा अर्धा तास एकांत कोठून आणायचा, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा. तो कोणी विचारत नाही, म्हणूनच उपचार सुटतात. घरच्या घरी मिळेल त्या वस्तूने प्रयत्न कदापि करू नये.

होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी सांगावे, असे माझे मत आहे. गुणसूत्रांचा तपशील सांगण्याची सक्ती नाही, पण पाळी येणार नाही आणि पोटी मूल होणार नाही, या दोन गोष्टी मुलीने, तिला विश्वास वाटेल त्या माणसाच्या सोबतीने, साखरपुड्यापूर्वी सांगाव्यात. नंतर कळले की “वांझ” हा शब्द येतो आणि त्याच्यामागून माहेरी पाठवणी येते. दत्तकाची कायदेशीर वाट केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नोंदणीतून जाते. परस्पर बाळ घेऊ नये.

बिघाड अर्धवट असेल तर चित्र बदलते. बाळ जन्मतानाच बाहेरची इंद्रिये स्पष्ट मुलाची किंवा मुलीची नसतात, आणि सौम्य प्रकारात तर पुरुषाला फक्त छाती वाढणे किंवा मूल न होणे एवढेच जाणवते. अशा नवजात बाळाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. घाई लिंग ठरवण्याची नसते. याच रूपात येणाऱ्या, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या एका आजारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगातील मीठ कमी होऊन बाळ दगावू शकते, म्हणून ही धावपळ करायची. अर्धवट प्रकारात पोटात राहिलेल्या ग्रंथींचा धोकाही पूर्ण प्रकारापेक्षा अधिक असतो, तेव्हा वर सांगितलेला थांबण्याचा सल्ला तेथे जसाच्या तसा लावू नये.

शेवटी धाकट्या बहिणींविषयी. ज्या बहिणीला पाळी आलेली आहे, तिला ही अवस्था नाही, ती वाहक मात्र असू शकते. जी अजून लहान आहे, तिच्या गुणसूत्रांची तपासणी आईवडिलांनी समजून घेऊन करून घेतल्यास अंतर्गळाच्या ऑपरेशनमध्ये ग्रंथी गमावण्याचा प्रसंग टळतो. वाहक असण्याची चाचणी मात्र लहानपणी करू नये. ती १८ वर्षांनंतर, त्या मुलीने स्वतः मागितली तर करावी, आणि तिचा अहवाल तिच्याच हातात द्यावा.